फ्रेंच ब्रेलचे यांत्रिक लिप्यंतर : एक चिकित्सा

१

मुद्रित मजकूर ब्रेल लिपीत उतरविणे म्हणजे प्रत्येक अक्षराच्या जागी ठिपक्यांचे एक ठरावीक घर ठेवणे, आणि असे काम यंत्र माणसापेक्षा लवकर व बिनचूक करते, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. या समजाचा पूर्वार्ध भाषाशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा असल्यामुळे त्याचा उत्तरार्धही अर्धाच खरा ठरतो. अक्षरास घर ही जोडी लावण्यात यंत्र क्वचितच चुकते. परंतु कोणते अक्षर कोणत्या प्रसंगी कोणत्या मूल्याने वापरले आहे, याचा निर्णय त्या जोडीच्या आधी करावा लागतो. आणि हा निर्णय पुष्कळदा कागदावर उमटलेला नसतो, वाचकाच्या भाषाज्ञानात असतो.

या प्रश्नाच्या विचारासाठी फ्रेंच भाषेचे उदाहरण घेणे अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. ब्रेल लिपीची मूळ मांडणी त्याच भाषेच्या वर्णमालेवर झाली. शिवाय फ्रेंचमध्ये उच्चार आणि वर्णलेखन यांच्यातील अंतर मोठे असल्याने, लिप्यंतरात वर्णलेखनाची हानी झाली तर ती उच्चारावरून भरून काढता येत नाही. संगणकीय आज्ञावलीच्या साह्याने होणाऱ्या फ्रेंच ब्रेल-लिप्यंतराचे मर्म आणि त्याच्या मर्यादा यांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

लुई ब्रेल (१८०९–१८५२) याच्यापूर्वी शार्ल बार्बिए याने उठावाच्या ठिपक्यांची एक पद्धती सिद्ध केली होती. तिच्यात ध्वनींचा सहा ओळी व सहा स्तंभांचा तक्ता कल्पिलेला असून, ठिपक्यांनी अक्षर न दर्शविता ध्वनीचे तक्त्यातील स्थान दर्शविले जाई. एका घरात बारापर्यंत ठिपक्यांना जागा असल्याने ते बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे, हा तिचा दोष सर्वत्र सांगितला जातो. दुसरा दोष त्याहून गंभीर होता. ही पद्धती ध्वनीवर उभी असल्यामुळे तिच्यातून वाचणाऱ्यास फ्रेंच शब्दांचे वर्णलेखन कधीच कळत नसे. विरामचिन्हे व अंक यांनाही तिच्यात स्थान नव्हते. ब्रेलने १८२९ साली आपली पद्धती प्रसिद्ध केली व १८३७ च्या आवृत्तीत तिला स्थिर रूप दिले. घर सहा ठिपक्यांचे करणे हा त्याच्या सुधारणेचा एक भाग होता. ध्वनी सोडून वर्णाकडे वळणे हा दुसरा. या वळणामुळेच दृष्टिहीन वाचकास डोळस वाचकाच्या लेखनव्यवस्थेत बरोबरीने प्रवेश मिळाला. १८५४ मध्ये पॅरिसच्या अंध-विद्यालयाने या लिपीस अधिकृत मान्यता दिली, तेव्हा ब्रेलच्या मृत्यूस दोन वर्षे होऊन गेली होती.

हा इतिहास येथे आठवण्याचे कारण असे की, आजच्या लिप्यंतराचा मूल्यमापक निकषही त्यातूनच निघतो. ब्रेल लिपी वर्णलेखनाशी बांधलेली आहे. म्हणून जे लिप्यंतर वर्णलेखनात ढिलाई करते, ते ठिपके कितीही सुबक उमटवीत असले, तरी लिपीच्या मूळ प्रतिज्ञेपासून ढळते.

३

ब्रेलच्या घरात डाव्या बाजूस वरून खाली १, २, ३ व उजव्या बाजूस ४, ५, ६ असे ठिपके मानले जातात. रिकामे घर सोडल्यास त्यांच्या त्रेसष्ट रचना होतात. पहिल्या दहा रोमन अक्षरांस केवळ वरचे चार ठिपके पुरतात. त्यांना तिसरा ठिपका जोडला की पुढली दहा अक्षरे मिळतात. तिसरा व सहावा जोडला की तिसरी मालिका, आणि केवळ सहावा जोडला की चौथी. तिसऱ्या मालिकेच्या उत्तरार्धात खाली आकडी असलेला ‘सी’, व मग स्वरचिन्हांकित ‘ई’, ‘ए’, ‘ई’ आणि ‘यू’ अशी पाच खास फ्रेंच अक्षरे येतात. चौथ्या मालिकेत टोपीवाले पाच स्वर, दोन टिंबांचे तीन स्वर, ‘ओ’ व ‘ई’ यांचे जोडाक्षर, आणि सर्वांत शेवटी ‘डब्ल्यू’ आहे. ‘डब्ल्यू’ शेवटी पडण्याचे कारण सरळ आहे : तत्कालीन फ्रेंच वर्णमालेत त्यास स्थान नव्हते.

या रचनेत फ्रेंच भाषेची खूण किती खोल उमटली आहे, हे एका उदाहरणावरून दिसेल. तिसऱ्या मालिकेतील चिन्हांकित ‘यू’ हे अक्षर फ्रेंचमध्ये एकाच शब्दात येते. ‘कोठे’ या अर्थाचा ‘ऊ’ हा शब्द ‘किंवा’ या अर्थाच्या ‘ऊ’पासून लेखनात वेगळा राहावा, एवढ्यासाठीच ते चिन्ह आहे. उच्चार दोहोंचा एकच. तरीही त्रेसष्टांपैकी एक संपूर्ण घर त्यासाठी राखून ठेवले गेले. वर्णलेखनावरील निष्ठेचे याहून स्पष्ट प्रमाण क्वचितच सापडेल.

परंतु ब्रेल अन्य भाषांत गेल्यावर या घरांना नवी मूल्ये मिळाली. इंग्रजीस स्वरचिन्हांची गरज नव्हती. तेथील संक्षिप्त ब्रेलमध्ये उपरिनिर्दिष्ट पाच फ्रेंच अक्षरांची घरे क्रमाने ‘अँड’, ‘फॉर’, ‘ऑफ’, ‘द’ आणि ‘विथ’ या पाच शब्दांना देण्यात आली. चौथ्या मालिकेतील टोपीवाल्या स्वरांची घरे ‘सीएच’, ‘जीएच’, ‘एसएच’, ‘टीएच’ अशा वर्णयुग्मांकडे गेली. पुढे १९५१ च्या सुमारास भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरविताना या इंग्रजी मूल्यांचाच आधार घेतलेला दिसतो. १ व ६ या ठिपक्यांचे घर फ्रेंचमध्ये टोपीवाला ‘ए’, इंग्रजीत ‘सीएच’ आणि मराठीत ‘छ’ आहे; १, ४ व ६ यांचे घर फ्रेंचमध्ये टोपीवाला ‘आय’, इंग्रजीत ‘एसएच’ आणि मराठीत ‘श’ आहे. पुण्यामुंबईस फ्रेंच शिकणाऱ्या दृष्टिहीन मराठी विद्यार्थ्याच्या बोटांखाली अशा रीतीने एकाच घराचे तीन भाषिक अर्थ नांदत असतात.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ठिपक्यांना स्वतःचा अर्थ नसतो. कोणत्या संहितेने ते वाचावयाचे हे आधी ठरावे लागते. उन्हाळा या अर्थाचा फ्रेंच ‘एते’ हा तीन अक्षरांचा शब्द फ्रेंच घरांत लिहिला आणि भारती ब्रेलच्या नियमाने वाचला, तर ‘ढतढ’ असे होते. माणसास ही चूक तत्काळ हास्यास्पद वाटेल. आज्ञावलीस मात्र भाषेची नोंद चुकीची दिली, तर ती शेकडो पाने याच आत्मविश्वासाने उतरवून देईल.

४

लिप्यंतराचा पहिला अडथळा ठिपक्यांत नाही, मूळ दस्तऐवजात आहे. डोळस वाचकासाठी तयार केलेल्या मजकुरात अनेक उणिवा सहज खपून जातात, कारण वाचक त्या मनातल्या मनात भरून काढतो.

मोठ्या रोमन अक्षरांचे उदाहरण घ्यावे. शीर्षके मोठ्या अक्षरांत मांडताना त्यांवरील स्वरचिन्हे गाळण्याची सवय फ्रेंच मुद्रणात व टंकलेखनात फार पसरली. फ्रेंच अकादमीचा कौल मात्र चिन्हे राखण्याच्या बाजूचा आहे. परिषद या अर्थाच्या ‘काँग्रे’ शब्दातील ‘ई’वरचे चिन्ह असे गळले, की शिल्लक राहतो तो ‘काँग्र’ म्हणजे समुद्रातील वाम माशांचा वाचक शब्द. परिषद-भवनाची पाटी वाचणारा डोळस मनुष्य माशांचा विचारही करीत नाही. मोठ्या अक्षरांचा आकारच त्यास सूट देतो. ब्रेलमध्ये ही सूट नाही. तेथे मोठ्या अक्षरास वेगळा आकार नसून ४ व ६ ठिपक्यांचे चिन्ह आधी ठेवून तेच घर लिहितात. म्हणून मुद्रणातील सवलत ब्रेलमध्ये वर्णलेखनाची उघड चूक बनते. आज्ञावली दस्तऐवजाशी प्रामाणिक राहिली तर भाषेशी अप्रामाणिक ठरते. भाषेशी प्रामाणिक राहावयाचे तर तिला शब्दकोश व संदर्भ दोन्ही हवेत.

‘ओ’ व ‘ई’ यांच्या जोडाक्षराचा प्रश्न याहून बोधप्रद आहे. बहीण, हृदय व कलाकृती या अर्थांच्या फ्रेंच शब्दांत ते येते व ब्रेलमध्ये त्यास २, ४, ६ हे स्वतंत्र घर आहे. परंतु पश्चिम युरोपीय भाषांसाठी संगणकावर दीर्घकाळ प्रचलित असलेल्या आयएसओ ८८५९-१ या वर्णसंचात हे जोडाक्षरच नव्हते. ते १९९९ च्या ८८५९-१५ या संचात आले. परिणामी जुन्या संगणकीय मजकुरात ही दोन अक्षरे सुटी लिहिलेली आढळतात. मग सुटे ‘ओ’ व ‘ई’ दिसले की त्यांचे जोडाक्षर करावे, असा नियम आज्ञावलीत घालावा काय? तसे केल्यास मज्जा या अर्थाचा ‘म्वाल’, तसेच ‘कोएफिस्यां’ व ‘कोएग्झिस्ते’ हे शब्द बिघडतील, कारण त्यांत ती अक्षरे सुटीच असली पाहिजेत. शेवटच्या दोन शब्दांत ‘को’ हा उपसर्ग आहे, ही गोष्ट व्युत्पत्ती जाणणारासच दिसते. ‘म्वाल’मध्ये तर उपसर्गाचाही आधार नाही. अशा स्थळी केवळ अक्षरांचा क्रम पाहणारा नियम अपुरा पडतो व शब्दाशब्दाची नोंद ठेवणे भाग पडते.

अशाच जातीच्या आणखी अडचणी आहेत. स्वरचिन्हांकित अक्षर संगणकात एका संकेताने साठविता येते, तसेच अक्षर व चिन्ह अशा दोन संकेतांनीही साठविता येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. त्यांचे एकीकरण आधी केले नाही, तर दुसऱ्या प्रकारात चिन्ह गळण्याचा धोका असतो. छापील पानावरून ओळ तोडून आलेला संयोगरेषेचा शब्द जोडावा की रेषा ठेवावी, हाही प्रश्न पानावरून सुटत नाही.

५

अंकलेखनाच्या बाबतीत प्रश्न भाषेचा कमी व संहितेच्या काळाचा अधिक आहे. जुन्या रीतीत ३, ४, ५, ६ हे अंकचिन्ह आधी ठेवून पहिल्या दहा अक्षरांनाच अंकांचे मूल्य दिले जाई. लुई आंत्वान याने गणितासाठी तयार केलेल्या पद्धतीत अंकास सहावा ठिपका जोडला जातो. त्यामुळे एक या अंकाचे घर टोपीवाल्या ‘ए’चे होते आणि नऊ या अंकाचे घर वर चर्चिलेल्या जोडाक्षराचे. आधी येणारा सहावा ठिपका संदिग्धता दूर करतो. २००६ मध्ये फ्रेंच भाषकांसाठी सिद्ध झालेल्या एकरूप ब्रेल संहितेने ही पद्धती सामान्य मजकुरासही लागू केली. तिचा लाभ स्पष्ट आहे. अंकामागून साधे ‘ए’ किंवा ‘बी’ आले, तर जुन्या रीतीत घोटाळ्याचा संभव होता. टोपीवाला स्वर मात्र अंकामागून क्वचितच येतो. संदिग्धता नाहीशी झाली नाही, ती जेथे कमी त्रास देईल अशा जागी हलविली गेली. कोणत्याही मर्यादित चिन्हव्यवस्थेत यापेक्षा अधिक शक्य नसते.

परंतु याच कारणाने ‘फ्रेंच ब्रेल’ एवढे नाव आज्ञावलीस पुरेसे नाही. कोणत्या सालची संहिता, हेही तिला सांगावे लागते. जुन्या ग्रंथांचे ब्रेल पुन्हा मुद्रित लिपीत आणावयाचे असेल, तर ही काळनोंद अनिवार्यच होय.

६

खरी कसोटी संक्षिप्त ब्रेलमध्ये लागते. ब्रेलचे पुस्तक जागा फार व्यापते आणि बोट एका वेळी एकच घर वाचते. म्हणून संक्षेपाची गरज प्रारंभापासून भासली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरिस द ला सिझरान याच्या प्रयत्नांनी फ्रेंच संक्षेपाची एक रीत रूढ झाली. स्वतः दृष्टिहीन असलेल्या या गृहस्थाने १८८९ मध्ये व्हालांतँ आवी यांच्या नावाची संस्था स्थापन केली. या रीतीस ‘वर्णलेखनाधिष्ठित संक्षेप’ असे नाव पडले, आणि ते सार्थ आहे. फ्रेंचमध्ये ‘मठ’ हा अर्थ असलेले नाम व ‘अंडी उबवितात’ हा अर्थ असलेले क्रियापद यांचे लेखन अक्षरशः एक असून उच्चार भिन्न आहे. संक्षेप उच्चारावर उभारला असता, तर प्रत्येक वाक्यात नाम की क्रियापद हे आधी ठरवावे लागले असते. तो लेखनावर उभारल्यामुळे ही अडचण संभवत नाही. यंत्रयुगाच्या कितीतरी आधी घेतलेला हा निर्णय यंत्राच्या फार उपयोगी पडला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि संक्षेपाचे नियम केवळ यादीचे नाहीत. काही संक्षेप शब्दारंभीच चालतात, काही शब्दान्तीच. काहींना पुढे स्वर हवा, काहींना व्यंजन. शिवाय एकट्या अक्षरास संपूर्ण शब्दाचे मूल्य दिलेले असल्याने, ‘परिच्छेद डी’ अशा ठिकाणी ते अक्षर खरोखरच अक्षर म्हणून आले आहे, हे वेगळे दाखवावे लागते. विशेषनामे व परभाषीय शब्द ही तर संक्षेपाची सर्वांत निसरडी स्थळे होत. वाचकास पूर्वी ज्ञात नसलेल्या नावाचे वर्णलेखन तेथे हाती लागणे सर्वांत महत्त्वाचे असते, आणि नेमके तेथेच यंत्र शब्द ओळखण्यास असमर्थ असते.

७

या कामासाठी आज उपलब्ध असलेल्या मुक्त आज्ञावलींत दोन भिन्न विचारसरणी दिसतात. २००२ पासून विकसित झालेली ‘लिबलुई’ प्रत्येक भाषेसाठी नियमांचा एक तक्ता बाळगते. ‘सर्वत्र’, ‘पूर्ण शब्द’, ‘शब्दारंभी’, ‘शब्दमध्यी’, ‘शब्दान्ती’ अशा शीर्षांखाली वर्णसमूह व त्यांची घरे नोंदविलेली असतात. फ्रेंचसाठी तिच्यात सहा ठिपक्यांचा, आठ ठिपक्यांचा आणि संक्षेपाचा असे वेगवेगळे तक्ते आहेत. मराठीसाठीही तक्ता आहे. या रचनेचा मोठा गुण म्हणजे भाषेचे ज्ञान यंत्राच्या अंतर्भागातून बाहेर आणून, प्रोग्रॅमर नसलेल्या जाणकारासही तपासता येईल अशा ठिकाणी ठेवले आहे. तिची मर्यादाही येथेच आहे. तक्ता शब्दातील स्थान सांगू शकतो, शब्दाची घडण सांगू शकत नाही. उपसर्ग व धातू यांच्या सांध्यावर नियम अडखळला, की अख्खा शब्द अपवाद म्हणून नोंदविण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

ल्यों येथील विद्यापीठीय संशोधनातून पुढे आलेली ‘नात ब्रेल’ ही आज्ञावली दस्तऐवजाच्या संरचनेपासून प्रारंभ करते. शीर्षक, परिच्छेद, यादी, गणिती सूत्र यांची ओळख आधी पक्की करून मग लिप्यंतर केले जाते. शालेय पुस्तकांसाठी ही दिशा अधिक फलदायी आहे, कारण गणितात वर वा खाली लिहिलेला अंक ओळीत उतरला की सूत्राचा अर्थच पालटतो. परंतु या पद्धतीचे यश मूळ दस्तऐवजाच्या शिस्तीवर अवलंबून राहते. लेखकाने शीर्षकास शीर्षक म्हणून न नोंदविता केवळ ठळक व मोठे केले असेल, तर यंत्रास ते शीर्षक असल्याचे कळण्याचा मार्ग नसतो. तात्पर्य, पहिली विचारसरणी शब्दाच्या घडणीपाशी थांबते व दुसरी लेखकाच्या निष्काळजीपणापाशी. दोन्ही परस्परपूरक आहेत. त्यांतील एकच निवडावी, असा वाद व्यर्थ होय.

लिप्यंतर झाल्यावरही एक टप्पा उरतो. ब्रेलची घरे छापयंत्राकडे बहुधा सामान्य टंकाक्षरांच्या वेषात पाठविली जातात, आणि कोणत्या अक्षरामागे कोणते घर याचे अमेरिकी व फ्रेंच संकेत वेगळे आहेत. एका संकेताची संचिका दुसऱ्या संकेतावर बसविलेल्या यंत्रास दिली, तर निर्दोष लिप्यंतराचाही कागदावर चुराडा होतो. १९९९ च्या युनिकोडमध्ये आठ ठिपक्यांच्या २५६ रचनांना स्वतंत्र स्थान मिळाल्याने हा घोटाळा तत्त्वतः टळला आहे.

८

येथे असा आक्षेप संभवतो की, संगणक आता मजकूर मोठ्याने वाचून दाखवीत असताना ब्रेलमधील एवढ्या बारकाव्यांची चिंता कशाला? या आक्षेपाचे उत्तर फ्रेंच भाषाच देते. ‘हिरवा’, ‘काच’, ‘कडे’, ‘किडा’ आणि खारीचे ‘लोकर-कातडे’ या पाच अर्थांचे पाच फ्रेंच शब्द पाच वेगळ्या रीतींनी लिहिले जातात, आणि पाचांचाही उच्चार ‘व्हेर’ असाच होतो. ऐकणाऱ्यास एकच शब्द पाच वेळा ऐकू येतो. संदर्भाने अर्थ कळला, तरी लेखन कळत नाही. डोळस मुलाच्या नजरेखालून हे पाच आकार हजारो वेळा जातात व ते न शिकविता शिकते. दृष्टिहीन मुलास ही संधी केवळ ब्रेलमधून मिळते. त्याच्या हाती आलेल्या पुस्तकात चिन्हे गळलेली, जोडाक्षरे फुटलेली असतील, तर ते चुकीचे लेखन शिकेल. आणि परीक्षेत त्या चुकीचे गुण त्याचेच कापले जातील, आज्ञावलीचे नव्हेत.

हा प्रश्न २०१३ च्या माराकेश करारानंतर अधिक व्यापक झाला आहे. या करारामुळे दृष्टिहीनांसाठीच्या सुगम प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठविणे शक्य झाले. २०१४ मध्ये त्यास अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत होता. आता पॅरिसमध्ये तयार झालेली संचिका दुसऱ्या खंडातील वाचकाच्या यंत्रावर, तेथे बसविलेल्या तक्त्याने ब्रेलमध्ये उतरू शकते. पूर्वी पाटी व टोचणी घेऊन पाने लिहिणारा लेखनिक चुकीस जबाबदार असे व तो शंका आली की थांबत असे. यंत्र थांबत नाही. त्याच्या वेगाचा लाभ घ्यावयाचा, तर शंका घेण्याचे काम कोणाकडे हे आधीच ठरविले पाहिजे.

९

वरील विवेचनावरून लिप्यंतर-आज्ञावलीच्या परीक्षणासाठी तीन निकष सुचतात. पहिला, लेखननिष्ठा : प्रत्येक वर्ण, स्वरचिन्ह व जोडाक्षर ब्रेलमध्ये आपल्या मूल्यासह पोहोचले पाहिजे. दुसरा, रचनानिष्ठा : शीर्षक, यादी, सूत्र आणि परभाषीय शब्द यांचे वेगळेपण राहिले पाहिजे. तिसरा, संशयाची नोंद : जेथे यंत्राने निर्णय अनुमानाने घेतला, ती स्थळे त्याने जाणकारापुढे वेगळी काढून ठेवली पाहिजेत. आजच्या आज्ञावली पहिल्या दोन निकषांवर कमी-अधिक प्रमाणात उतरतात. तिसऱ्याकडे मात्र सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एकूण शब्दांत किती बरोबर, असा हिशेब पुरेसा नाही. चुका सर्व पानावर सारख्या पसरलेल्या नसतात. त्या विशेषनामे, शीर्षके, सूत्रे आणि परकीय शब्द यांत गोळा होतात, म्हणजे वाचकास अंदाजाने भरून काढता न येणाऱ्या स्थळीच.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे काम येथे आहे. उपसर्गाचा सांधा कोठे, जोडाक्षर कोठे संभवते, कोणता शब्द परभाषेतील, याच्या तपासलेल्या याद्या तयार करणे हे कष्टाचे व अप्रसिद्ध काम असले, तरी तक्त्यात पडलेली त्याची प्रत्येक ओळ एखाद्या वाचकाच्या बोटाखाली बरोबर शब्द होऊन उमटते. मराठीच्या तक्त्यासही हीच गोष्ट लागू आहे.